चार अंश

सलाईनच्या गोठलेल्या पिशव्या टॉवेलात गुंडाळायच्या
आणि लाकडी मोगरीनं हाणायच्या.
हे माझं काम. बाकी सगळे हात शिकलेले.

आबा रंकाळ्यावर गोळ्याची गाडी लावायचे.
लादी पहाटे यायची, भुशात निजलेली.
गोणपाट सारून ते आधी तिला कान लावायचे.
"चीर कुठनं जातीया ते ऐकू येतंय, लेका.
बर्फाला हाणायचं न्हाई, इचारायचं."
मी हाणतोच. वेळ नसतो.

आज पहाटे चार वाजून दहा.
भरतेश मगदूम, चौतीस, शिरोलीत फौंड्रीला.
हायवेच्या वळणावर डोकं गेलं,
छातीला खरचटलंसुद्धा नव्हतं.

पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी
नळीतून थंड द्रावण सोडलं.
हृदय दोनदा अडखळलं,
मग जत्रेतून परतताना झोपेला आलेलं पोर
खांद्यावर मान टाकतं, तसं सैल पडलं.
मॉनिटरवरची रेघ कुणी बघितली नाही.
सगळे घड्याळाकडे बघत होते.

एक पिशवी, तिच्यात द्रावण.
दुसरीत माझा बर्फ, रवाळ, पाण्यावर आलेला.
तिसरी वरून, गाठ मारून.
खडा थेट टेकता कामा नये,
टेकला तिथं मांस जळतं.
आबांच्या तळहातावर तसले पांढरे डाग होते.
गोठवायचं नाही, थांबवायचं.
चार अंश. चार तास.
मग खोकं. निळं, त्याच कंपनीचं,
ज्यात खासबागेजवळ कुल्फी विकतात.

उजळाईवाडीपर्यंत पोलिसांनी रस्ता धरला होता.
दुधाच्या गाड्या कडेला उभ्या,
आणि खोकं गेलं तेव्हा एका गवळ्यानं टोपी काढली,
असं ड्रायव्हर झाकीर नंतर सांगत होता.
मी पाहिलं नाही. मी फरशी पुसत होतो.

बाहेर बाकावर पद्मजा.
मांडीवर त्याचं घड्याळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
माझे ओले हात बघून म्हणाली,
"बर्फात ठेवलंसा व्हय?"
"हो."
"थंडी सोसायची न्हाई त्यास्नी.
भट्टीवरचा माणूस.
उन्हाळ्यातबी वाकळ लागायची."

यावर काय बोलायचं ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं.
आबांनीही काही सांगून ठेवलेलं नाही.
"चारच तास," मी म्हणालो.
एस्टीची वेळ कळावी तशी तिनं मान हलवली.

साडेसातला पुण्याहून एकच शब्द आला: सुरू.
तो तिला सांगायचं काम माझं नाही,
त्यासाठी वेगळ्या मॅडम आहेत, दहाला येतात.
तोवर ती दिराच्या गाडीवर मागं बसून
पंचगंगेकडे निघून गेली होती.

चौकात चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला.
किती गरम आहे ते कळायला
बोटांना बराच वेळ लागला.