पाठकोरं

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
शटर अर्धं खाली, आत मशीन चालू.
सॉल्व्हंटचा वास मला आता येत नाही,
घरी गेल्यावर बायकोला येतो.

मी फ्लेक्स करतो.
वाढदिवस, निवड, नियुक्ती, दशक्रिया.
'कार्यसम्राट' इतक्यांदा टाइप केलंय
की क पडला की पुढचं बोटंच टाकतात.

पक्ष फुटला त्या रात्री
साडेअकराला पहिला फोन :
डावीकडचे साहेब काढ, उजवीकडचे मोठे कर.
पावणेबाराला दुसरा : उजवीकडचे काढ.
एकाचं ठरेचना. म्हणाला,
दोन्ही करून ठेव, सकाळी सांगतो कुठला लावायचा.
मी चेहरे कापत बसलो,
कानाच्या कडेनं, केसांच्या कडेनं,
न्हाव्यासारखा, सावकाश.
खाली शुभेच्छुकांची रांग तीच राहिली,
चाळीस जण, हात जोडून,
कुणाला जोडलेत ते न विचारता.

नौशाद आला नव्हता.
रोल चढवायचा तो, आयलेट ठोकायचा तो,
शिडीवर चढून बांबूला बांधायचाही तोच.
राबोडीचा.
आदल्या शुक्रवारी नाक्यावर दगड आला.
कुणाकडून आला, त्याचे दोन निषेध,
दोन फ्लेक्सवर दोन वेगळी नावं.
दोन्ही मीच छापले होते.

त्याची आई गाळ्यावर आली.
पगार मागायला नाही.
त्याचा डबा राहिला होता, तो न्यायला.
झाकणावर नाव कोरलेलं, त्याच्या बापाचं.
मी डबा दिला. धुऊन दिला.
वीस फुटी शुभेच्छा लिहिणाऱ्या माणसाजवळ
त्या बाईपुरती एक ओळ नव्हती.

कोपऱ्यात रद्द झालेले साहेब गुंडाळून पडले होते.
फ्लेक्सची पाठ पांढरी असते.
चौदा वर्षं हे मला माहीत होतं,
कळलं त्या रात्री.

गुडघ्यांवर बसलो, मार्कर घेतला.
माउस धरून धरून हात वळत नव्हता,
अक्षर शाळेतलंच निघालं, तिरकं.

    ज्या हातांनी तुमचे चेहरे
    सरळ टांगले भर चौकात
    ते हात कुठे ठेवलेत,
    एवढंच सांगा.

पुढे अजून होतं, डब्याबद्दल, ते इथे सांगत नाही.
चांगलं होतं असंही नाही.
पण बऱ्याच दिवसांनी
खाली शुभेच्छुक नव्हते.

लावणार कुठे?
नाक्यावर लावायची माझी छाती नाही.
सकाळी सुलभा गांगुर्डे आली, इंदिरानगरच्या टेकडीवरून,
छपरासाठी जुने फ्लेक्स न्यायला. तीनशेला एक.
तिनं उलटून पाहिलं, ओठ हलवत वाचलं,
मग वाचलेलं पुन्हा वाचलं.
म्हणाली, लिहिलेली बाजू आत घेते.
साहेब राहू देत वर, उन्हात.
दोनशेच दिले, आणि मी काही बोललो नाही.

एकदा तिच्याकडे गेलो होतो, दुपारचा.
ऊन फ्लेक्समधून झिरपत होतं,
साहेबांचा चेहरा उलटा, फिकट,
आणि त्याच्यावरून माझ्या तिरक्या ओळी.
तिची पोरगी चटईवर उताणी पडून
एकेक अक्षर जुळवत होती, मोठ्यानं,
'टांगले'पाशी अडखळत.
शेजारची म्हातारी म्हणाली, आमच्याही घराला लिहून दे,
पण माझा विषय वेगळाय, नीट ऐकून घे आधी.

अशी आता टेकडीवर सोळा छपरं आहेत.
वरून पाहिलं तर जिकडेतिकडे भावी नगरसेवक.

नौशाद तेविसाव्या दिवशी सुटला.
काय झालं ते मी विचारलं नाही,
उजवी करंगळी वाकत नाही, ते दिसतं.
आठवडाभर आयलेट ठोकत राहिला,
ठक, ठक, पूर्वीपेक्षा हळू.
मग एकदा म्हणाला,
सगळे मार्कर सुकलेत कसे?

मी सांगितलं. सगळं नाही.
तो उठला, शटर हातभर आणखी खाली ओढलं,
एक साहेब फरशीवर पालथे अंथरले
आणि चार कोपऱ्यांवर
शाईचे चार कॅन ठेवले.