सहाशे अकरा मीटर

शाळेचं फाटक ते घराचा उंबरा
नाकासमोर मोजतात स्वान्सीत,
मग नाक टेकडीत का घुसेना.
नकाशावर मी रेघ ओढली.
ती चॅपलच्या छपरावरून गेली,
टायरच्या गोदामातून, कुणाच्या तरी न्हाणीघरातून,
आणि थांबली सहाशे अकरावर.
गेल्या वर्षी शेवटचं पोर घेतलं
ते सहाशे चाळीसवरचं.

म्हणजे एकोणतीस मीटर आपल्या पदरात,
मी म्हणाले.
आणि गल्लीत कुणाला जुळं झालं तर?
गेथिन म्हणाला.

आत्ताचं भाड्याचं घर नऊशेवर.
तसंच घर, तेवढ्याच खोल्या, तीच मळकट वीट,
दोन गल्ल्या वर चढलं की चौतीस हजार जास्त.
गॅसच्या बिलामागे भागाकार केला:
मीटरला एकशे अठरा पौंड.
एवढ्यात बरा गालिचा येतो, तो म्हणाला,
निदान त्यावर बसता तरी येतं.

घर बघायला गेलो तर मागच्या भिंतीला ओल.
त्याने अंगठा दाबला,
रंगाचा पापुद्रा अंगठ्यालाच चिकटून आला.
तो त्याने गुपचूप खिशात घातला, चोरासारखा.
प्रॉसरबाई बघत होत्या.
"बेचाळीस वर्षांची आहे ती ओल," म्हणाल्या,
"काही करू नका, ती कुठे जात नाही."
त्यांना मूलबाळ नाही.
शाळेचा त्रास? छे.
पावणेअकराला कलकलाट झाला की चहा ठेवते.
सुट्टी लागली की चहा चुकतो.

मग कुत्रीला हाक मारली, "देरे मा, नेल,"
आणि नेल आली.
त्या दोन शब्दांवर
माझे वडील येऊन उभे राहिले स्वयंपाकघरात.

शुक्रवारी गोदीतून आले की
पगाराचं पाकीट टेबलावर उपडं करायचे
आणि वेल्शमध्ये मोजायचे. फक्त पैसे.
बाकी सगळं, ओरडणं, लाड, फुटबॉल, इंग्रजीत.
आम्हाला कळू नये म्हणून असेल.
किंवा पैसा त्यांना त्याच भाषेत
खरा वाटत असेल.
दाराआडून मी दहापर्यंत शिकले,
ईन, दाय, त्री…
पुढचं ते ओठांतल्या ओठांत.

शाळा वेल्श आहे, हे सांगायचं राहिलंच.
इंग्रजी शाळा तर आमच्या दारात आहे,
रस्ता ओलांडला की.
चांगली आहे. गेथिन तिथेच शिकला,
त्याचं काही अडलं नाही, असं तो म्हणतो,
आणि खरंच अडलेलं नाही.
माझंही नाही.
फक्त वडील गेले तेव्हा शेवटी शेवटी
ते काहीतरी मोजत होते
आणि नर्स म्हणाली, बडबडतायत.

प्रॉसरबाईंनी बेकाला काहीतरी विचारलं.
बेका माझ्याकडे बघू लागली.
मी गेथिनकडे.
गेथिन भिंतीकडे.
बाईंनी बिस्किटांचा डबा पुढे केला,
म्हणजे बहुधा तेच विचारलं होतं.
बेकाने दोन घेतली,
एक नेलला दिलं.

शुक्रवारी पाचपर्यंत आकडा कळवायचा.

गल्ली पायऱ्यांनी उतरते.
रेघेला पायऱ्या माहीत नव्हत्या,
ना कठडा, ना त्यावर वाळत घातलेला कुणाचा तरी टॉवेल,
ना खाली दोन छपरांच्या फटीतून दिसणारी
बोटभर खाडी.
गेथिन पुढे गेला गाडी काढायला,
खिशात हात, बोटांत तो पापुद्रा.
मोज ना, बेका म्हणाली.
मी मोजलं. दहा झाले.
"पुढे काय?"
पुढे परत एकपासून.
"असं कसं?"
असंच, म्हटलं, चल.

सहा वेळा दहा झाले
आणि एक पायरी उरली.
तिच्यावर बेका उभी.
उतरायला तयार नाही.