पाचव्या वर्षाचा रकाना

विगोच्या खाडीवर शिंपल्यांचे तराफे
काळोखात हलताहेत,
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी
तोंड नसलेल्या एका यंत्राची
बाजू मांडायला बसलेय.

उद्या दहाला संचालक मंडळ.
ब्राइसचा प्रस्ताव एक पानी, गुळगुळीत :
चार सर्व्हर, अडतीस हजार युरो.
माझा : एकच काळं कपाट, एक्याण्णव हजार.
दोन आकडे शेजारी ठेवले
तर कुणीही विचारेल,
साबेला, तुला हिशेब येतो ना?

येतो. म्हणून तर झोप येत नाही.

ब्राइसच्या बाजूला लिहीत जाते :
पाच वर्षांचे परवाने, बासष्ट,
डब्यातल्या सार्डिनसारखे प्रोसेसर मोजून विकतात.
बॅकअप एकोणीस.
माद्रिदचा सल्लागार चोवीस,
जो जाताना पुढच्या भेटीची तारीख
टेबलावर विसरल्यासारखी ठेवून जातो.
शिवाय अर्धा माणूस, सत्तर हजार.
अर्धा माणूस कसा दिसतो ठाऊक नाही,
पगार मात्र अख्खा दिसतो.
चार आण्याची कोंबडी,
बारा आण्याचा मसाला.
बेरीज दोनशे तेरा हजार.

माझ्या बाजूला फक्त देखभाल, पासष्ट.
एकूण एकशे छप्पन्न.
सत्तावन्न हजारांनी जिंकले मी.
पेनाला टोपण लावलं.

मग एलादिओ आठवला.

एकोणीस वर्षं, दर रविवारी,
चर्चमधून परस्पर,
काखेत पावाची पिशवी,
कारखान्याच्या तळघरात उतरणारा.
कुणी बोलावलं नाही, कुणी पैसे दिले नाहीत.
मार्चमध्ये निवृत्त होतोय.
माझ्या यंत्राची स्वस्ताई
इतकी वर्षं त्याच्या गुडघ्यांवर उभी होती
आणि खतावणीत त्याचा एकही रविवार नाही.

ते रविवार आता विकत घ्यावे लागणार :
अठ्ठेचाळीस हजार.

आकडा तळहाताखाली झाकून पाहिला.
झाकली मूठ सत्तावन्न हजारांची.
उघडली, तर नऊ.

बराच वेळ हात तसाच ठेवला, खोटं कशाला बोलू.
मग उचलला.

*

"पाच वर्षांत नऊ हजार?"
दोन आमारो चष्म्यावरून म्हणाले.
"एवढ्यासाठी आजच पदरचे एक्याण्णव मोजायचे?"
ब्राइस हसला नाही. ते त्याचं मोठेपण.

मला सांगायचं होतं
गेल्या ऑगस्टमधल्या शेजारच्या कारखान्याबद्दल,
जिथे लेबलं छापणं सहा तास थांबलं
आणि अकरा टन मासा खताला गेला.
पण ऑगस्ट कधी कोटेशन देत नाही,
आणि जे घडलं नाही
त्याची पावती कुठून आणू?

टेबलाच्या टोकाला दोन्या ओतिलिया,
चौदाव्या वर्षी याच कारखान्यात डबे भरणारी,
आज अकरा टक्क्यांची मालकीण.
दाराशी उभ्या एलादिओला तिने विचारलं,
"रविवारी खाली काय करायचास रे?"

तो गोंधळला. टोपी या हातातून त्या हातात.
"काही नाही, बाई.
काही होत नाहीये ना,
ते बघत बसायचो."

कुणीतरी कप बशीत ठेवला.
ओतिलियाने माझ्या तक्त्यावर
पाचव्या वर्षाच्या रकान्यापुढे काहीतरी लिहिलं.
उलटं होतं, मला वाचता आलं नाही.
"पुढच्या बैठकीत बघू," दोन आमारो म्हणाले,
आणि खुर्च्या सरकल्या.

जिना उतरताना पायांखाली
पट्ट्याची थरथर लागत होती.
एकेक डबा पुढे येत होता,
त्याच्यावर तारीख, बोटीचं नाव, घाणा क्रमांक,
लिऑंला जाणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर
सिगरेट संपायची वाट बघत होता,
आणि तळघरात एलादिओ
आज शुक्रवार असूनही
कपाटाच्या दाराला पाठ टेकून
पाव खात बसला होता.