माहीत नाही

नांतालीच्या रस्त्यावर, नोव्हेंबरात,
चाक बर्फाच्या ढेकळावरून गेलं. एवढंच.
तौनोने आरशात पाहिलं.
पुन्हा पाहिलं.
मग गाडी वळवली.
"कुणी होतं का गं तिथे?"
"नव्हतं रे," मी म्हणाले.

ते माझं पहिलं 'नव्हतं'.
त्यानंतर अकरा वर्षं
मी ते रोज शिजवलं, रोज वाढलं.
तो रात्री टॉर्च घेऊन बंपर तपासायचा.
एकदा तिथे रोवनची पिचलेली लाल फळं होती;
नखाने खरवडून
त्याने त्यांचा वास घेतला.
मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात.
वैरी निदान झोपतो तरी.

इर्याबाईंच्या खोलीत जाड पडदे होते, घड्याळ त्याच्या पाठीमागे.
दोन वर्षं त्या वाट पाहत बसल्या
आणि एका गुरुवारी कुत्रा सापडला:
बापाच्या लाकडांच्या ट्रकखाली आलेला,
ज्याच्याबद्दल त्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.
तौनो रडून आला.
पुसलेल्या पाटीसारखा चेहरा.
घरी येताना तीनदा मागे वळला.
कारण मिळालं होतं, खरंही असेल,
पण स्टिअरिंग धरायला त्याचा उपयोग नव्हता.

कुस्ताने कागद पुढे केला, पेन्सिल दिली.
माणूस चाकाखाली यावा, आवाज होऊ नये,
कुणी ओरडू नये, पोलीस येऊ नयेत, बातमी छापू नये,
याची शक्यता किती?
तौनोचा जन्म बंदराच्या हिशेबांत गेलेला.
त्याने मन लावून गुणाकार केला:
चार कोटींत एक.
त्या रात्री आम्ही केक खाल्ला.
तीन वाजता त्याने मला हलवलं.
"तो एक," म्हणाला,
"तो आत्ता तिथे पडलाय,
आणि थंडी वाढतेय."

मग हिल्प्पा.
एकोणतीस वर्षांची, विटलेली टोपी, खटारा गाडी.
खुर्चीत बसलीच नाही.
"चला, नांतालीला. तुम्ही चालवा.
आरसा मी फिरवून ठेवते.
आणि म्हणा: कदाचित मी कुणाला मारलंय."
असं कुणी म्हणायला लावतं?
मागच्या सीटवर माझे दात आवळले गेले.
त्याची मान घामाने चमकत होती.
"किती?" ती विचारायची.
"नव्वद." एक चढण. "नव्वद."
पेट्रोल पंप. "पंच्याऐंशी."

परतल्यावर ती माझ्याकडे वळली.
"आता तुम्ही उत्तर देणं थांबवा."
मी?
मी तर त्याला सावरत होते!
"हो," ती म्हणाली, "आणि शंका तुमच्याच हातून जेवत होती."

असं बोलणं पचायला दिवस लागतात.
त्या रात्री त्याने विचारलं, "नव्हतं ना गं कुणी?"
सवयीचा शब्द जिभेवर आला होता, कढत.
"माहीत नाही," मी म्हणाले.
एकतीस वर्षांच्या संसारात
इतकं क्रूर मी काही बोलले नव्हते.
तो मोज्यांवरच अंगणात जाऊन उभा राहिला.
मी खिडकीत.
काचेवर माझा श्वास, पलीकडे त्याचा.
चाळीस मिनिटांनी आत आला,
टॉर्च खुंटीलाच होता.

सगळं सरलं असं नाही.
हिल्प्पाने कुत्र्याबद्दल कधी विचारलं नाही,
मला ते अजून खटकतं.
तौनो नाताळला इर्याबाईंना पत्र टाकतो.
कुस्ताचा कागद फ्रिजवर आहे, चार कोटींवर चुंबक.

परवा पुन्हा तोच रस्ता.
चाकाखाली काहीतरी दणकलं.
त्याची बोटं पांढरी झाली.
"तिथे कुणी…" म्हणाला, आणि गप्प.
एक वळण. दुसरं. डावीकडे करडा समुद्र.
मी हात मांडीखाली दाबून बसलेली.
"घरी दूध आहे का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.
"हे खरंच माहीत नाही रे."