बोटांकडची शिवण

सोमवार-बुधवार, सकाळी नऊ ते बारा,
मॉर्गन्टनच्या कम्युनिटी कॉलेजात, खोली एकशे चौदा,
मी शिकवते : माऊस कसा धरायचा.
समोर अकरा बाया, दोन पुरुष,
सगळे एकाच मोज्यांच्या गिरणीतले.
सगळ्यांच्या फायलीत तेच पत्र, वॉशिंग्टनचं :
‘आपली नोकरी जाण्यात आयात मालाचा
महत्त्वाचा वाटा होता, असे आढळून आले आहे.’
व्हर्लीन पास्काल म्हणते,
‘त्यांना आढळायला सात महिने लागले.
मला, गोदामातलं एक खोकं उघडेपर्यंत.’

अर्जावर तीन सह्या लागतात.
एक व्हर्लीनची.
दुसरी ड्वेन हफमनची. त्याने शेवटच्या आठवड्यात
स्वतः सांभाळलेली यंत्रं ग्रीस लावून, प्लास्टिकात गुंडाळून
होंडुरासला जाणाऱ्या पेट्यांत भरली,
तासाचा दर नेहमीचाच.
तिसरी पा हाउ व्हँगची.
पेन हातात धरून तिने आधी विचारलं म्हणे,
‘याने कुणाचं काम जाणार नाही ना?’

आता दर पंधरवड्याला हजेरीचा कागद.
त्यावर माझी सही, मग त्यांचा चेक.
ग्लेंडा दोनदा आली नाही, नवऱ्याचं डायलिसिस होतं.
कारणांच्या यादीत डायलिसिस सापडेना.
मी हजर लिहिलं.
एवढीच माझी सरकारी मदत.

व्हर्लीन एकतीस वर्षं मोज्याचं टोक शिवत होती,
डझनावर पैसे.
डोळे मिटूनही जमायचं, ती सांगते,
आणि कीबोर्डवर ‘व्ही’ शोधत राहते
स्वतःच्या नावासाठी.
मी तिला म्हटलं, आमच्या भाषेत
हाताचीही बोटंच आणि पायाचीही बोटंच.
ती थांबली. मग हसली.
‘म्हणजे जन्मभर मी
बोटांनी बोटांचीच सोय लावली.’

हे नाही सांगितलं :
इचलकरंजीत आमचे चार माग किलोवर गेले
तेव्हा असलं पत्र आलं नव्हतं,
कुणाला काही आढळलं नव्हतं.
भंगारवाल्याने पावती दिली तेवढीच.
बाबांनी ती घडी घालून
बरीच वर्षं पाकिटात ठेवली,
जणू कुठे दाखवावी लागणार होती.

फेब्रुवारीत बर्फ वितळून चिखल झाला,
माझे बूट आतून भिजले.
मोजे काढून हीटरवर टाकले, न विचार करता.
सहाच्या पाकिटातले, वॉलमार्टचे,
पाकिटावर माझ्याच देशाचं नाव.
मी ते वाचून घेतले होते, की न वाचता, आता आठवत नाही.

व्हर्लीन उठली. एक मोजा उचलला,
उलटा केला, टोक अंगठ्यावर ताणलं,
खिडकीपाशी नेलं.
खोलीतलं टायपिंग थांबलं.
मी काहीतरी बोलायला हवं होतं.
‘चांगली आहे,’ ती म्हणाली, ‘सरळ घेतलीय.
पण इथे बघ, शेवटचे दोन टाके.
हिला घाई होती.’

हिला.

मोजा सुलटा करून तिने परत हीटरवर ठेवला,
टाच वर करून, लवकर वाळतो तसा.
जागेवर जाऊन बसली आणि म्हणाली,
‘हिला डझनाला किती मिळतात?’
मला माहीत नव्हतं.
‘असू दे. तू परवा शिकवलंस ते करून बघते.’

पहिला रकाना : डझन. तिने चाळीस लिहिलं,
आपला जुना रोजचा आकडा.
दुसरा : दर. तो तसाच सोडला.
तिसऱ्यात बरोबरचं चिन्ह, मग गुणाकार,
एका बोटाने, कुणाला न विचारता,
पहिल्यांदाच.
एंटर दाबलं.

शून्य.

‘चुकलं का माझं?’

नाही, मी म्हटलं.
सूत्र बरोबर आहे.