सात चिंचोके

जूनचा तिसरा आठवडा.
तांबट गल्लीमागची महापालिकेची बालवाडी, एकच खोली,
भिंतीला कमरेपर्यंत निळा ऑइलपेंट,
सत्तावीस मुलं, त्यांतली चार अजून रडतात.

निहारपुढे मी सात चिंचोके ठेवते.
तो मोजतो. बोट टेकवून, एकही न गाळता,
बाहेर त्याच्या बापाचा हातोडा पडतो त्या ठेक्यात:
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.
मग मी विचारते, किती आहेत?
बाई बहिऱ्या आहेत की काय, असं तो बघतो
आणि पुन्हा सुरू करतो. एक. दोन.

रांग त्याला पाठ आहे.
शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून,
हे अजून कळलेलं नाही.
हे वेगळं शिकवावं लागतं, हे मलाही
नोकरीच्या अकराव्या वर्षी कळलं.
आधीच्या दहा वर्षांतल्या मुलांची
मी कधीतरी माफी मागायला हवी.

पर्यवेक्षिका म्हणाल्या, इतकी घाई कशाला, कुलथेबाई?
रुळू द्या की दिवाळीपर्यंत.
मी मान हलवली. बावीस वर्षांत मान आपोआप हलते.
पण ज्यांच्या घरी कपाटभर पुस्तकं आहेत
त्यांनी थांबावं दिवाळीपर्यंत.
त्यांना कॉलेज रोडच्या तिसऱ्या मजल्यावर
रोज झोपताना कुणीतरी पानावर बोट ठेवून वाचून दाखवतं.
इकराच्या घरी छापलेलं म्हणजे
विजेचं बिल, गोळ्यांची पाकिटं
आणि सराफ बाजारातल्या दुकानाचं कॅलेंडर.

त्या कॅलेंडरात मी तिला 'म' शोधायला सांगितला.
दुसऱ्या दिवशी तिनं मंगळवार आणला.
कापून.
मागोमाग आई, हातात भोक पडलेला जून महिना,
बाई, हे काय शिकवता तुम्ही पोरांना?
मी तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला, म्हटलं, हा म.
ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली,
मुनीरामध्ये पण हाच येत असेल?
कॅलेंडर परत न्यायचं विसरली.

पाटी मी लगेच देत नाही.
आधी ताटात नदीची चाळलेली वाळू,
त्यात बोटानं उभी रेघ, आडवी रेघ.
उभी म्हणजे दुतोंड्या मारुती.
आडवी म्हणजे पाणी.
कुठवर आलं, दाखव.
कुणी घोट्याशी काढतं, कुणी छातीशी,
भार्गवीनं मारुतीच्या डोक्यावरून रेघ नेली
आणि स्वतःच घाबरून ताट हलवलं.
यमुनामावशी केरसुणी घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या.

खेळच आहे की सगळा.
फक्त खेळताना मला माहीत असतं
आज कुणाकडून काय काढून घ्यायचं आहे,
आणि वहीच्या मागच्या पानावर मी ते लिहिते:
जयदीप पेन्सिल मुठीत धरतो.
इकरा, म पक्का, भ आणि म यांत गोंधळ.
निहार, किती? नाही.
निहार, किती? नाही.
शुक्रवार. निहार, नाही. ताप असावा.

जुलैत रडणारे दोनच उरले.
एका दुपारी खिचडी शिजत होती,
बाहेर हातोडा थांबला होता, बाप जेवायला गेला असेल.
मी सहज चिंचोके पसरले.
त्यानं मोजले, नेहमीसारखे, सातपर्यंत.
किती आहेत?
सात, तो वैतागून म्हणाला. सांगितलं ना आत्ता!

मी खूप वेळ काहीच बोलले नाही.
मग त्याला दिसेल न दिसेल असा
एक चिंचोका मुठीत घेतला.
आता?
त्यानं मोजले नाहीत, काही बोललाही नाही.
सरळ उठला, आणि दोन्ही हातांनी
माझी मूठ उघडायला लागला.