छत्तीस सेकंद

कुलरच्या टाकीत तीन बादल्या ओतल्या
की साडेअकरापर्यंत निभतं.
मग समुद्रापलीकडच्या एका विमा कंपनीचं मेनफ्रेम
बॅच सुरू करतं, आणि मी इथे, आर्वीच्या अलीकडे,
अंगणातल्या खाटेवर मांडी घालून
त्याच्या सीपीयूचे सेकंद मोजत बसते.
तिथे सेकंदाला भाडं पडतं.

कंपायलरला आम्ही अजून सांगत होतो, यंत्र जुनंच आहे.
ते भंगारात जाऊन तेरा वर्षं झाली.
तो पर्याय सोमवारीच बदलला.

आज परिच्छेद ४२०० मध्ये एक मोजणी सापडली,
चार आकडी, अक्षरांच्या कपड्यातली.
दर फेरीला कपडे उतरवायचे, पॅक करायचं,
एक मिळवायचा, पुन्हा कपडे चढवायचे.
नऊ कोटी फेऱ्या. सत्त्याऐंशी सालापासून, रोज.

"काय शोधून रायली वं एवढ्या रातीची?"
भिंतीपलीकडून पर्वताबाई. उकाड्याने त्यांनाही झोप नाही.
सांगितलं : कोणी पोत्याची शिवण उसवते,
एक दाणा टाकते, पुन्हा शिवते.
"मंग तोंड उघडंच ठेव ना वं, बाप्पा!"

तेच तर केलं. एक शब्द बदलला, मोजणी बायनरी झाली.
चाळीस सेकंद वाचले. मी एकटीच टाळी वाजवली.

मग दोन्ही निकाल शेजारी ठेवले.
दहा हजाराव्या दाव्यापाशी गठ्ठा चुकला.

जुनी मोजणी नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर
गुपचूप शून्यावर यायची,
आणि नवा गठ्ठा त्या शून्यावरच सुरू व्हायचा.
माझी मात्र पुढे निघून गेली, कुंपण नसलेल्या गोऱ्ह्यासारखी.
वर एक टीप होती, ती मी दुपारी हसून सोडली होती :
'हे बदलू नये. आर. जी. बी.'
का ते लिहिलं नव्हतं. बहुतेक त्यांनाही घरी जायचं असेल.

एक तपासणी घातली. तिने चार सेकंद खाल्ले.
टीप पुसली नाही. खाली लिहिलं :
'दहा हजाराला शून्य. मुद्दाम आहे.'
आणि माझी आद्याक्षरं.

"गावलं काय?"
"हो."
"किती वाचले?"
"छत्तीस सेकंद."
थोडा वेळ नुसती रातकिड्यांची किरकिर.
"रातभर जागून?" म्हणाल्या,
आणि कूस बदलल्याचा खाटेचा आवाज आला.

कुलरचा पंप कोरडा घरघरत होता.
मी बादली घेऊन उठले.